चार घरांचं अंतर

बाबा,

परवा तुमच्या पेटीत आईच्या काळजाची ती पट्टी सापडली. तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतो आहे. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, की तुम्ही मला बनवलंत?

तुम्ही चांद्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. काळजाचे ठोके कागदावर उमटवणारं ते यंत्र नागपूरहून नवंनवं आलेलं आणि डॉक्टर दौऱ्यावर. आईला चार पावलांत धाप लागायची, तरी धानाच्या रोवणीला सावली गावाला, माहेरी जायचंच म्हणून ती हटून बसली होती. तुम्ही तिला टेबलावर निजवलंत. मनगटाला पट्टे बांधायला बांगड्या उतरव म्हटलं, तर कशी उसळली! "नवरा जिता असून बांगड्या कायले काढू?" शेवटी त्या कोपराकडे सरकवून फडक्यानं गच्च बांधल्या. मीच बांधल्या, म्हणून पक्कं आठवतं.

सुई हलते, चौकटींचा कागद सरकतो, त्यावर ठोक्यागणिक एक टोक उमटतं. तुम्ही एका जागी बोट ठेवून मला शिकवता, "दोन टोकांच्या मधात मोठी घरं किती, ते मोज. मिनिटाले अशी तीनशे घरं सरकते. तीनशेले तेवढ्यानं भाग." मी मोजते. चार घरं, म्हणजे पंचाहत्तर ठोके. तुम्ही खूश! पण पुढचं अंतर दोनच घरांचं, त्यापुढचं तीनाचं.

"बाबा, हे सारखं काऊन नाई?"

"बांगड्या हालल्या असतीन. जाऊ दे तिले."

पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर गेलीच नाही, तुमच्या खिशात गेली. आई रोवणीला गेली. त्या वर्षीची दिवाळी तिनं पाहिली नाही.

पुढे मीही जन्मभर हेच काम केलं. ठोके असे वेडेवाकडे असले की एका अंतरावर भागत नाही. तीस घरांतली, म्हणजे सहा सेकंदांतली, टोकं मोजून दहानं गुणायचं. काल आईची मोजली. तेरा. म्हणजे एकशे तीस, बाबा! आणि सबंध पट्टीत चार घरांचं अंतर एकाच जागी आहे. तुमचं बोट नेमकं तिथंच कसं पडलं? राग येतो तुमचा, अजून येतो.

हे धाडायचं तरी कुठे? पट्टीसोबत पेटीतच ठेवते. एक मात्र सांगून टाकते. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुमची पट्टी मीच काढली होती. "किती?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "पंचाहत्तर." तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरोबर हाय."

तुमच्या पट्टीतही चार घरांचं अंतर मला शोधावं लागलं होतं, बाबा. तुमच्या हातात तर बांगड्याही नव्हत्या.