काडीचे दुसरे टोक

पनवेल,
बुधवार, ११ मार्च १९५९

प्रिय जगन,

आपण दोघे काडीमोडीची मुले. आपल्या गावात आपल्यासारखी अजून सहा आहेत, मी मोजली आहेत. खाडीच्या दोन्ही काठांवरची गावे धरली तर किती निघतील ते कुणी मोजलेले नाही. आपल्या आईबापांच्या मध्ये पंचांनी भाताची एक काडी धरायला लावली, ती मोडली, आणि मोडल्यावर सगळे चहा प्यायला उठले. आता हे मूल कुणाच्या दारात झोपणार, एवढे विचारायलासुद्धा एकही पंच मागे थांबला नाही. ही तक्रार तुझी आणि माझी एकच आहे, म्हणून आज तुझ्याशी जरा कठोर बोलणार आहे. रागवायचे असेल तर शेवटपर्यंत वाचून रागव.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. खोपोलीत तुला फिटरच्या जागेवर कायम केले आणि दोन खोल्या मिळणार, मागच्या खिडकीतून पेरूचे झाड दिसते, हे वाचून मी ते झाड दिवसभर डोळ्यांपुढे धरले होते. खोटे कशाला सांगू? तो परिच्छेद मी इतक्यांदा वाचला की कागद घडीवर फाटायला आला. पण त्याच्या खालीच तू लिहितोस की दोन्ही बाप आपल्या लग्नाला राजी झाले आहेत, माझ्या आईने कोर्टातला दावा तेवढा मागे घ्यावा; थोरांचे भांडण थोरांना लखलाभ, आपण आपला संसार बघू. जगन, ते वाक्य तुझे नाही. तुझ्या अक्षरात तुझ्या वडिलांचे आहे.

कारण तेच वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले होते. मागच्या रविवारी ते आमच्या खोलीवर आले, उंबऱ्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आई सुके बोंबील निवडत होती. "सोनाबाय, पोरीचं सोनं होतंय. बळीराम बाप म्हनून सोता पोरीचं लगीन लावून देतो बोलतो, पनवेलचा बेंड आनतो, धवलं गायला धवलारीन आनतो. आता जुनी राख कशाला उकरतंस? लोक हसतील, या वयात नवरा मागते म्हनून." आईने हातातला बोंबील खालीसुद्धा ठेवला नाही. म्हणाली, "नवरा नको मना, देवजीभाऊ. मी त्याची बायको हाय, एवढं कोर्टानं लिवून देऊ दे. मंग मीच त्याला सोडीन. सोडायची पाळी माजी होती. ती त्यानं चोरली." तुझे वडील टोपी झटकत उठले. जाताना मला म्हणाले, "तू शिकलीसवरलेली हायेस, समजाव आयेला." मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नव्हते, ते त्यांनी तुला लिहिले असेलच.

माझ्या बापाने दुसरे लग्न ठरवले तेव्हा पहिली बायको असताना दुसरी करायला कायद्याने बंदी होती. म्हणून त्याला काडीमोड हवी होती आणि ती घाईने हवी होती. रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरे बायकोच्या, आणि ती नसेल तर तिच्या भावाच्या. आई समोर असती तर तिने काडी हातात घेतली नसती. आणि मी बापाला एका गोष्टीचे श्रेय देते, तो भरती-ओहोटी जाणतो. त्या फाल्गुन अमावास्येला मोठे उधाण येणार हे त्याला आठ दिवस आधी माहीत होते. मिठागराच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली, तशी त्याने आईला पाठवले. "तू जा, तुज्याबिगर मानसं काम करत नाय." आणि ती गेली. कमरेएवढ्या चिखलात उभी राहून, डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहून तिने त्याचा बांध वाचवला. त्याच वेळी हा माणूस आमच्या अंगणात खाटेवर बसून तिचा संसार मोडत होता. संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या केसांत चिखल होता आणि तिची पेटी ओटीवर काढून ठेवलेली होती.

तुझ्या आईची गोष्ट वेगळी. पुढे दोन वर्षांनी पंचांनी हौसामावशीला बोलावले तेव्हा ती स्वतः आली, काडी स्वतः धरली, कट्कन मोडली, आपला तुकडा तुझ्या वडिलांच्या टोपीवर ठेवला आणि म्हणाली, "घे, चुलीत घाल." तू त्या दिवशी रडलास आणि मी तुला सांगितले होते की तुझी आई जिंकली आहे. अजून तेच सांगते. आज ती उरणच्या बाजारात भाजी विकते आणि मान वर करून चालते. म्हणजे माझा राग त्या काडीवर नाही. ज्यांचे जमत नाही त्यांनी वेगळे व्हावे, रोज एकमेकांची हाडे मोडण्यापेक्षा काडी मोडलेली बरी. बापाच्या दुसऱ्या बायकोवरही माझा राग नाही. तिला तरी कुठे कुणी विचारले होते? पण जिचा संसार मोडायचा तिला अंगणात बोलवायला हवे होते. माणूस न विचारता मोडता येते, या त्यांच्या खात्रीवर माझा राग आहे. तो सात वर्षांत एक कणही कमी झालेला नाही आणि व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आईला त्या संध्याकाळी सांगण्यात आले की तिच्या भावाने, रामूने, तिच्या नावाने काडी धरली. तिने मामाला एकदाच विचारले. तो खाली बघत "हो" म्हणाला. त्यानंतर सहा भाऊबिजा आमच्या दारात मामा आला नाही, म्हणजे यायचा, पण आई आतून कडी लावायची. तो ओटीवर नारळ ठेवून परत जायचा. मी खिडकीतून त्याची पाठ बघायची. गेल्या श्रावणात तो गेला. निरोप आला तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने ती भाकरी थापून पूर्ण केली, तव्यावर टाकली, उलटली, आणि गेली नाही.

आता मागच्या गुरुवारी कोर्टात काय झाले ते ऐक, कारण तुझ्या वडिलांनी तुला ते लिहिलेले नसणार. ते पिंजऱ्यात उभे राहिले, देवाची शपथ घेतली आणि म्हणाले, सोनाबाईच्या वतीने तिचा सख्खा भाऊ रामू याने काडी धरली, आम्ही पाच पंचांनी डोळ्यांनी पाहिले. मधल्या बाकावर माझा बाप पांढऱ्या टोपीत बसला होता. "मेलेला मानूस बरा, उलट बोलत नाय," असे तो शेजाऱ्याला हळूच म्हणाला आणि दोघे हसले. मी त्यांच्या मागेच बसले होते. जगन, मी शाळेच्या मंचावर शेकडो लोकांसमोर बोलले आहे, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आईने मान खाली घातली होती. तिला ते खरेच वाटत होते. तिच्या वकिलांनाही तेच वाटत होते; तिला विचारले नव्हते, एवढ्यावरच ते लढत होते. ती साक्ष खोटी आहे हे त्या खोलीत फक्त खोटे बोलणाऱ्यांना माहीत होते, आणि मला.

आणि खोपोलीत बसलेल्या तुला.

वडाळे तळ्याच्या पायऱ्या आठवतात? मी पंधरा वर्षांची होते, तू सतरा. शाळेतून गावाकडे येताना तू सायकल हातात धरून दीड मैल माझ्या बरोबरीने चालायचास. वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी भरभर बोलू लागले की मागच्या रांगेतून खोकायचास, आणि मी सावकाश व्हायची. त्या दिवशी पायऱ्यांवर तुला जे बोलायचे होते ते तू इतक्या आडवळणाने बोललास की मला हसू आले. मग मी म्हटले, माझ्याबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही, ती ऐक आणि मग ठरव. आणि तू म्हणालास, "मना माहीत हाय. मी व्हतो तिथं. बापाच्या मागं."

तू पाहिले होतेस. मामा म्हणाला, बहीण येत नाही तोवर मी हात लावणार नाही, आणि तो तिला आणायला बांधाकडे पळत सुटला, हे तू पाहिलेस. तो परत यायच्या आत उरकायचे म्हणून माझ्या बापाने मला घरातून हाक मारली. मी अकरा वर्षांची. त्याने माझ्या वेणीला नवी लाल रिबीन बांधली. तो कधी माझ्या केसांना हात लावत नसे, म्हणून मला इतका आनंद झाला की मी विचारलेच नाही कशाला. "धर गो बाय, हा टोक घट धर. सोडू नको." तुझे वडील म्हणाले, "लेकीचा हात म्हंजे आयेचाच. रगत येकच." मी घट्ट धरली. तो खेळ मी जिंकायचा असे मला वाटले. काडी मोडली तेव्हा माझा तुकडा मोठा आला, आणि मी हसले.

मामा वाटेतूनच परत आला होता, भरतीने पायवाट बुडवली होती. माझ्या मुठीत काडी बघून तो अंगणातच बसला. मग मला जवळ घेऊन म्हणाला, "आयेला सांग, मामानं धरली. काय? मामानं." रिवाजात मुलीचा हात चालत नाही, भावाचा चालतो, त्यामुळे त्याचे ते खोटे पंचांनाही सोयीचे झाले. तो ते माझ्यासाठी बोलला, त्यांनी ते स्वतःसाठी वापरले. आणि मी सहा वर्षे त्याच्या पाठीकडे खिडकीतून बघत राहिले, कारण कडी उघडली असती तर आईने मला टाकले असते असे वाटायचे. त्या पायऱ्यांवर मी तुला ओंजळीत पाणी घ्यायला लावले आणि शपथ घातली की हे कुणाला कधी सांगायचे नाही. आपल्या प्रेमाचा पहिला शब्द आणि तोंड बंद ठेवायची शपथ एकाच दिवशी, एकाच पायरीवर. म्हणून तू गप्प आहेस, हे मला माहीत आहे. बापाच्या धाकाने गप्प बसणारा मुलगा मी निवडलेला नाही.

आज सकाळी मी आईला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, "कोंच्या हातानं धरलीस?" मी उजवा हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला, मी लहानपणी पडून आले की बघायची तसा. नंतर तोंड धुतले, धुतलेले लुगडे नेसली, कोनाड्यातला नारळ घेतला. "रामूकडं जाते," म्हणाली. जणू तो दारात बसून वाट बघतोय. ती अजून आलेली नाही. मी दार उघडे ठेवून हे लिहिते आहे.

मला सूड हवा आहे. हा शब्द मी विचार करून लिहिते, तू तो सौम्य करून वाचू नकोस. बापाच्या घराला आग लागावी असे मला वाटत नाही. मला त्या पांढऱ्या टोपीला भर कोर्टात, त्याच पाच पंचांसमोर, ऐकायला लावायचे आहे की त्याने बायकोला उधाणात पाठवून पोटच्या पोरीच्या हाताने तिचा संसार मोडला, आणि मेलेल्या चांगल्या माणसावर त्याचा आळ ठेवला. मी एकटीने सांगितले तर म्हणतील, पोर आईची, आईनेच पढवली. पंचाच्या मुलाने सांगितले तर कुणाला तसे म्हणता येणार नाही. यात तुझे वडील खोटे ठरतील, तुला घर बंद होईल, आणि बँड लावून होणारे ते लग्न होणार नाही. ते सगळे तराजूत घालूनच मी मागते आहे. आईचे तोंड बंद करून मिळालेल्या मांडवात मी उभी राहणार नाही, तू शेजारी असलास तरी. पेरूच्या झाडाखालचे घर मला हवे आहे, जगन, फार हवे आहे, पण त्या घरात आई मान वर करून यायला हवी, आणि हौसामावशीही.

तळ्यावरची ती शपथ मी आज मोडते. मीच घातली होती, मलाच मोडता येते, आणि ही मोडताना दुसऱ्या टोकाला तू आहेस म्हणून तुला आधी विचारते आहे. पुढची तारीख येत्या मंगळवारी, सतरा तारखेला, अकरा वाजता आहे. खोपोलीहून सकाळची पहिली एसटी धरलीस तर वेळेत पोचशील. आईच्या वकिलांना मी आजच भेटते आहे, ते तुझे नाव साक्षीला देतील. मी पहिल्या बाकावर असेन. तू भरभर बोलू लागलास तर मी खोकेन. मंगळवारी ये आणि काडीचे दुसरे टोक कुणी धरले होते ते सांग.

तू आलास तरी आणि नाही आलास तरी, पण आलास तर मान वर करून,
तुझीच,
दमयंती