भाव वाढेपर्यंत

१२ ऑक्टोबर, रविवार
आजपासून नियमित लिहिणार. मोठे गेम डिझायनर लिहितात. माझा पत्त्यांचा गेम ‘भाव’ तयार आहे. जवळजवळ. प्रत्येक खेळाडू व्यापारी, हातात सोयाबीनच्या पोत्यांचे पत्ते. दर फेरीला भावाचा एक पत्ता उघडतो. विका, नाहीतर थांबा. एकाचं गोदाम रिकामं झालं की डाव संपला. कमाई जास्त तो जिंकला. शुद्ध स्ट्रॅटेजी.
पुढच्या महिन्यात पुण्याला गेमवाल्यांचा मेळावा आहे. तिथे कोणीतरी घेणारच. मग मंगरूळपीरला रामराम. बाबांच्या कृषी केंद्रात इंजिनिअरिंग झाल्यापासून बसतोय, पण तात्पुरता.

१४ ऑक्टोबर
पहिली टेस्ट. मी, आई, बाबा, शेजारचा धनराज. कोणीच काही विकलं नाही. बाबा म्हणाले, या भावात कोन इकते? आईनं एक पोतं काढलं तर तिच्यावरच खेकसले. भावाचे पत्ते संपले, पुन्हा पिसले. भाजी थंड. डाव अर्धवट.
निष्कर्ष: गेममध्ये प्रचंड सस्पेन्स आहे.

१९ ऑक्टोबर
धनराज डाव सोडून ‘मोटर बंद करून येतो’ म्हणून गेला, आलाच नाही. त्याच्याकडे मोटर नाही. नवा नियम: डाव संपेपर्यंत कोणी उठायचं नाही.

२८ ऑक्टोबर
दिवाळीत लिहिणं राहिलं. पुण्याच्या ट्रॅव्हल्सचे दर चढलेत. उतरले की तिकीट काढतो.
रविवारी मेडशीला मुलगी पाहायला जायचं आहे. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. ऑप्शन ओपन.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी, परतीच्या एसटीत
मुलगी राखी. जवळच मालेगावला पतसंस्थेत कामाला. पोहे झाल्यावर आम्हा दोघांना बोलायला वेगळं बसवलं. काय बोलावं सुचेना, म्हणून ‘भाव’ काढला. नियम सांगता सांगता तिची आई दोनदा डोकावून गेली.
राखीनं विचारलं, पुण्याले कधी जाता? म्हटलं, गेम फायनल झाला की. तिनं विचारलं, फायनल कधी होते? म्हटलं, ते आधी कसं सांगणार.
पहिलाच पत्ता उघडला. भाव पडलेला. तिनं सगळी पोती विकून टाकली! डाव संपला. तिची कमाई थोडी, माझी शून्य. मी समजावलं, असं कोणी खेळत नाही. ती म्हणाली, मंग तसं नियमात लिवा ना. वरून म्हणे, मी चुकली असंन, पन तुमी तर काहीच केलं नाही.
म्हटलं, अजून एक डाव. उठायचं नाही, नियम आहे. ती हसली आणि उठली. गॅसवर दूध होतं म्हणे.
एकंदर इम्प्रेशन चांगलं पडलं.

३ नोव्हेंबर
नवा नियम: सुरुवातीच्या फेऱ्यांत विकायला बंदी. ही पळवाट बंद.
बाबांनी विचारलं, पोरगी पसंत हाये का? म्हटलं, विचार करून सांगतो. लगेच हो म्हटलं की आपली किंमत उतरते. तशी पसंत आहे. आज दुकानात युरिया मागणाऱ्याला मी पोटॅश दिलं.

११ नोव्हेंबर
मेडशीहून विचारणा आली. बाबा म्हणाले, काय सांगू त्याहिले? म्हटलं, थोडं ताणू द्या. बाबा बघत राहिले. त्यांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

१५ नोव्हेंबर
ट्रॅव्हल्सचे दर उतरले. गाडी फुल. पुण्याला पुढच्या वर्षी जाईन. एका अर्थी बरंच, तोपर्यंत गेम आणखी मजबूत होईल.

२० नोव्हेंबर
सकाळी ठरवलं. बाबांना म्हटलं, कळवा, पसंत आहे. बाबांनी लगेच, स्थळ आणणाऱ्या मदनसिंग काकांना फोन लावला. स्पीकरवर.
काका म्हणाले, जानरावभाऊ, उशीर केला तुमी. तिचं परवाच जमलं, अकोल्याच्या पोरासंग. एका बैठकीत. चहा प्यायच्या आंधी हो म्हने तो.
बाबा दुकानाच्या चाव्या माझ्यासमोर ठेवून शेतात गेले. आईनं चहा आणून दिला आणि आत गेली.
दुपारी एक म्हातारं गिऱ्हाईक आलं. तुरीवर अळी पडली होती. विचारलं, जानराव कुठी गेले? अन् तू कोन रे बाबू? याच्या आंधी पाह्यलं नाही तुले.
म्हटलं, मी इथंच असतो.