निळ्या घुमटासमोरचं घर

२६ नोव्हेंबर, देवरी
आश्रमशाळेच्या दिल्ली सहलीला मंजुरी आली. नववीच्या मुली, मी आणि कापगते सर. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, राजघाट. इतकी वर्षं इतिहास शिकवते, यातलं एकही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आनंद व्हायला पाहिजे. पण डोक्यात एकच, गर्दीत एखादी पोरगी हरवली तर. ह्यांना बोलले. म्हणाले, "मग जाऊ नको." झालं.

२९ नोव्हें.
वर्ग सुटल्यावर रोशनी मागे थांबली. एरवी तोंड उघडत नाही. पुस्तकातली दिल्लीची पानं पुढे केली. "मॅडम, यात निला घुमट कोनता?"
"कायले पाहिजे तुले?"
मग तुकड्या-तुकड्याने सांगितलं. मोठी बहीण फुलवंता. गावातला एजंट तिला घरकामाला म्हणून दिल्लीला घेऊन गेला, तेव्हा लहानच होती. आता अठरा पुरी. पत्ता कोणालाच दिला नाही त्याने. फोन तोच लावून देतो, बाजूला उभा राहतो. दिवाळीच्या फोनवर फुलवंता घाईघाईत बोलली, गच्चीवर कपडे वाळू घालते तर समोर चौकात निळं गोल छप्पर दिसतं, भोवती गाड्या फिरत असतात. इतक्यात फोन कट. तिला वाचता येत नाही, गल्लीचं नाव काय सांगणार.
बाप विचारायला गेला तर एजंट म्हणे, पोरगी मजेत आहे, फालतू चौकशा करू नको.


१ डिसें.
मोबाईलवर शोधलं. सापडलं. निजामुद्दीनजवळ, हुमायूनच्या मकबऱ्याला जायच्या वाटेवरच, चौकाच्या मधोमध. नाव सब्ज बुर्ज, म्हणजे हिरवा. फरश्या मात्र निळ्याशार. रोशनीला फोटो दाखवला. फोटोवर बोट ठेवून बसली.
दाखवायला नको होता का? आता ती तिथे काय करेल ते…

१० डिसें., गाडीत
गोंदियाला गाडीत बसलो. मुली खिडक्यांना चिकटल्या आहेत. मी दर स्टेशनला मोजते. रोशनीला माझ्या शेजारी बसवलं. तिला बजावलं, मला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. "हव," म्हणाली. हो म्हणायची तिची पद्धत मला आवडली नाही.

१२ डिसें., दिल्ली
लाल किल्ला. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास. मी बोलत होते, मुली ऐकत होत्या, मला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता. संगमरवराला हात लावून पाहिला, बर्फासारखा गार. दुपारी अग्रसेनची बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर. खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी कबुतरं. आमचे कोहळी लोक तलाव बांधणारे, मी माहेरच्या तलावाच्या पाळीवर वाढलेली. एरवी तासभर बसले असते इथे. आज पायऱ्यांवर फक्त डोकी मोजली.
उद्या मकबरा. कापगते सरांना सगळं सांगितलं. ते घाबरले. "मॅडम, बाकीच्या पोरींची जबाबदारी कोनाची? गावाला गेल्यावर पाहू." त्यांचंही चूक नाही.

१३ डिसें.
रात्री लिहिते.
मकबऱ्याच्या बागेत मोजलं तर एक कमी. कोण ते पाहायची गरजच नव्हती. सरांवर मुली सोपवल्या आणि फाटकाबाहेर पळत सुटले. धुकं, हॉर्न. रस्ता ओलांडताना एक रिक्षावाला शिव्या देऊन गेला. चौकात आले. निळा घुमट समोर, खाली कोणी नाही. तेव्हा वाटलं, गेली. हिच्या आईला तोंड कसं दाखवू.
मग आवाज ऐकला. पलीकडच्या गल्लीतून. रोशनी घरांच्या गच्च्यांकडे बघत गोंडीत हाका मारत चालली होती. अख्ख्या दिल्लीत ते एका माणसाला समजणार होतं. वर्गात जिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही ती पोरगी.
तिला दंडाला धरलं, मारणार होते. तेवढ्यात वर, गच्चीच्या कठड्यावर, एक डोकं दिसलं.
फुलवंताच. खाली आली. फाटक उघडलं नाही, गजाआडून उभी. वाळलेली, केस बारीक कापलेले, थंडीत बिनस्वेटरची. मागोमाग मालकीण. "किससे मिलना है?" मी म्हटलं, बहीण आहे, गावाकडची. मालकीण गोड हसली. "बता दे इनको, कैसी है तू."
फुलवंता म्हणाली, "मैं अच्छी हूँ. आप लोग जाओ." हसत म्हणाली. मग रोशनीकडे बघून, तसंच हसत, गोंडीत काहीतरी एक वाक्य. मालकिणीने आत घेतलं.
गल्लीभर रोशनी मागे वळून बघत चालली. मला वाटलं, चला, बरी आहे म्हणते तर. चौकात आल्यावर विचारलं, शेवटी काय बोलली?
"मनली, मले इथून न्या. हे कुलूप लावून ठेवतेत."

१४ डिसें.
कुतुबमिनार. मुली लोखंडी खांबाभोवती खेळत होत्या, मी भिंतीच्या आडोशाला महिला हेल्पलाईनला फोन लावत होते. घराचा रंग, गल्ली, फाटकाचा नंबर सगळं सांगितलं. बाईंनी नीट लिहून घेतलं. "आपका नाम?" दिलं नाव.
आता ते घर बदलतील का? तिला मारतील का? मी भलतंच करून बसले का? मिनाराकडे नीट पाहिलंच नाही. मुलींनी फोटो काढलेत, त्यात माझं तोंड बघवत नाही.

१८ डिसें., देवरी
पोचलो. सगळ्या मुली आपापल्या घरी. सर म्हणाले, "सुटलो बापा."
शाळेच्या फाटकाशी एक मोटारसायकल उभी होती. माणूस उतरला नाही. "नमस्कार मॅडम. दिल्ली कशी वाटली? खूप फिरल्या मने तुम्ही." रोशनीने नंतर सांगितलं, हाच तो एजंट.
त्याला इतक्या लवकर कळलं. म्हणजे मालकिणीने फोन केला.

१९ डिसें.
दिवसभर मोटारसायकलचा आवाज आला की फळ्यावरचा हात थांबतो. हे शाळेत सोडायला आणि न्यायला येऊ लागलेत.

२१ डिसें.
हेल्पलाईनचा फोन आला. पोलीस गेले होते. फुलवंता सापडली, महिलांच्या निवाऱ्यात आहे. मधल्या सुटीत रोशनीला सांगितलं. ती खालीच बसली. रडली नाही, नुसतं माझा पदर धरून बसली.
पण तिला न्यायला घरचं मोठं माणूस पाहिजे. बापाची जबानी, सह्या लागतील.
त्यांच्या घरी गेले. बाप अंगणात मोहाच्या झाडाखाली बसलेला. म्हणाला, "त्यानं सांगलं, तू दिल्लीले गेला तर दुसरी पोरगीबी शाळेतून घरी येनार नाई." आई आतून त्याला म्हणाली, "तुमी जा. मी रोशनीले पाहतो, बाहेर सोडत नाई." बाप मान हलवतो की डोलवतो, समजेना. मी म्हटलं, परवा सकाळच्या गोंदिया बसला मी येते. तुमच्यासोबत दिल्लीपर्यंत.
देवरी ठाण्यातही सांगून आले. हवालदार म्हणाले, लक्ष ठेवतो.

२३ डिसें., देवरी बसस्टँड
बसमध्ये बसून लिहिते. रोशनीचा बाप आला आहे. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. पण बसपर्यंत आला नाही, समोर चहाच्या टपरीपाशी उभा आहे. एजंट बाजूला. बापाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही सांगतोय. बाप ऐकतो आहे, जमिनीकडे बघत. दोनदा उतरायला उठले, परत बसले.
शेजारच्या सीटवर माझी बॅग ठेवली आहे. कंडक्टर विचारतो, "मॅडम, इथं कोनी येऊन राहिलं का?"
हो म्हटलं.
ड्रायव्हर चढला. आता उतरतेच, बापाचा हात धरून आणते…