हा सिनेमा बायकायले दाखवू का?

बाबा, तुम्ही मरून मोकळे झाले, आणि सिनेमा बायकायले दाखवायचा का नाही हे ठरवायचं काम माह्या गळ्यात आलं. जन्मभर तुम्ही केलं ते काम. घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी तंबू टॉकीजच्या दाराशी तुम्हीच उभे राहात. पहिला खेळ स्वतः पाहून घ्यायचे आणि मग सांगायचे, कोण आत जाईन न् कोण घरी. मी चौथीत असताना कनातीखालून घुसली, तर भर बाजारात कानाले धरून बाहेर काढलं मले. "घरी जाऊन बाई काही विचारीन, असा सिनेमा बाईले दाखवू नाही," म्हणाले. आत माणसं पोट धरून हसून राह्यलते न् मी धुळीत उभी. कायले हसले, आजपर्यंत समजलं नाही मले. त्याच वर्षी माही शाळाही बंद केली तुम्ही, ते वेगळंच.

आता ऐका. तुमची नात पुसदले शाळेत शिकवते. राळेगावकडचा पोरगा पाह्यला, चांगला आहे, तिलेही पसंत आहे. पण त्याची माय म्हणते, आमच्या घरी सुनेचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहिते, रीत आहे. त्यावर लेकीनं काय करावं? शनिवारी विहीण आपल्या गावात येणार, तर बचत गटाच्या बायकायसोबत तिलेही समाजमंदिरात एक सिनेमा दाखवायचा, असं ठरवून बसली. चावी माह्यापाशी, गटाची अध्यक्ष मी.

"अवं, नाही म्हणायचं तर तोंडानं म्हण ना," मी म्हणलं.

"तोंडानं म्हणलं की भांडण होते आई. हसता हसता माणूस ऐकून घेते."

मग मोबाइलवर दाखवला तिनं मले. सिनेमा असा की एका नव्या सुनेचं तांदळात लिहिलेलं नवं नाव रातच्यातून कोंबडी खाऊन टाकते. जुनं तर पुसलंच, नवंही गेलं. आता त्या पोरीले जो जे म्हणीन ते ती होते. सासरा ओरडते, "चहा!" का झाली केतली, नाकातून वाफ. सासू म्हणते, "गधी कुठची!" का फुटले गाढवाचे कान. ते कान पदराखाली झाकत ती गावभर कोंबडीमागं पळते. मी इतकी हसली का डाळ करपली.

गटातल्या बायकायले गोष्ट सांगतली न् गावात बोंब झालीच. शेजारची काकू म्हणे, "बाई केतली होते, हे काय लहान पोरायले दाखवणं झालं?" उपसरपंच घरी आले. मी म्हणलं, "भाऊजी, त्यात उघडं अंग नाही, शिवी नाही, काही नाही."

"तेच तर वहिनी! तसं काही असतं तर बंद करता आलं असतं."

पण बाबा, पुढं एक जागा आहे. ती पोरगी पळत पळत माहेरी येते न् बापाले म्हणते, बाबा, माह्यं पहिलं नाव तरी सांगा. बाप डोकं खाजवते. "काय होतं बुवा? जिभेवर आहे..." तिथं लेक खदखदून हसली. मी मोबाइल पालथा ठेवला.

मले माही पहिली दिवाळी आठवली. माय चुलीपाशी करंज्या तळून राह्यली आहे, मी दारात पाय ठेवते न् ती जुन्या नावानं हाक मारते. तुम्ही ओसरीवरून डाफरता, "ते नाव घेऊ नको आता! तिच्या सासूचंही तेच आहे. त्यायच्या कानावर गेलं तर?" सासूच्या नावानं सुनेले हाक कशी मारावी, म्हणून माह्यं बदललं होतं, ते खरं. पण सासू तिकडं तिच्या गावी होती बाबा, आपल्या चुलीपाशी नव्हती. मायचा झारा कढईतच राह्यला. मरेपर्यंत मले 'अवं' म्हणाली बिचारी.

ती बापाची जागा पाहून विहीण उठून गेली तर लग्न मोडते. समाजमंदिराचं दार नाही उघडलं तर लेकीचं नाव जाते. तुमच्या मापानं मोजलं तर सिनेमा चालत नाहीच, कारण मी घरी बसून विचारूनच राह्यली आहे.

हा कागद कोणत्या पेटीत टाकावा? टाकत नाही. पण एक सांगते, जे लेकीलेही सांगतलं नाही. काल घरी कोणी नव्हतं, तर मी माह्यं जुनं नाव मोठ्यानं घेऊन पाह्यलं. ओ निघाली नाही तोंडातून. दुसऱ्या कोणाले तरी बलावल्यासारखं वाटलं, न् मीच दाराकडं पाह्यलं.

तर मले एवढंच सांगा. त्या दिवाळीनंतर, मी सासरी गेल्यावर, एकटे बसले असताना, एकदा तरी घेतलं होतं का तुम्ही ते नाव? का तुम्हीही विसरले? विहीण शनिवारी अकराच्या एसटीनं येते. त्याच्या आत मले उत्तर पाह्यजे, मग चावीचं पाहीन. हो का नाही, एवढंच. गोल गोल बोलू नका.