जगताप कुटुंबाचं पान

एडिसन, न्यू जर्सी
११ जुलै १९९९

चि. दीपास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. वरती ‘सा. न. वि. वि.’ बघून वाटलं, पोस्टमननं दुसऱ्याच कुणा जगतापाचं पत्र माझ्या पेटीत टाकलं की काय. आप्पांनी बघितलं तर म्हणतील, पोरगी संगमनेरला पोरं शिकवायला गेली आणि स्वतःच भलतं शिकली. असो. इकडे सगळं ठीक. आम्ही चार मराठी पोरं एका घरात राहतो आणि पाळीपाळीनं पोळ्या करपवतो. एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार या भीतीवर आमचा पगार चालू आहे, तेव्हा ही भीती आणखी वर्षभर टिको.

खरी बातमी पुढे आहे. मी इंटरनेटवर आपल्या कुटुंबाचं पान करतोय. जगात कुणालाही, कुठूनही बघता येईल असं. आप्पांनी आजोबांचा फोटो रजिस्टरनं धाडलाय. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा स्टुडिओत काढलेला, सहादू जगताप, पांढरा सदरा आणि पायात उसने बूट. एकच आहे, जिवापाड जप, असं आप्पांनी दोनदा लिहिलंय. फोटोखाली मी सगळा इतिहास इंग्रजीत लिहितोय. आपली वस्ती कुठं होती, कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, आप्पा कारखान्यात वायरमन कसे झाले. मग आई, मग तू. तुझा एक बरा फोटो पाठव, शाळेचं नाव आणि राहता पत्ताही. अर्धवट काही ठेवायचं नाही.

आणखी एक. आमच्या ऑफिसात रोहिणी नावाची मुलगी आहे, पुण्याची, आईवडीलही इथेच असतात. गणपतीला त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. आईला इतक्यात बोलू नकोस, ती लगेच साडी घ्यायला निघेल.

फोटोची आणि तुझ्या लोभाची वाट बघणारा,
पंकजदादा


संगमनेर
२ ऑगस्ट १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हो, पुन्हा तेच. तुला हसायला काय जातं? माझी पत्रं बाजाराला जाताना घरमालकीण पुष्पावतीकाकू पोस्टात टाकतात, आणि टाकण्याआधी वाचत नाहीत असं मी काही शपथेवर सांगणार नाही. हे पत्र मी स्वतः जाऊन टाकणार आहे, म्हणून मोकळं लिहितेय. आणि तरी वर तेच लिहून झालं, इतकी हाताला सवय लागली बघ.

दादा, ही खोली मला कशी मिळाली ते तुला कधी नीट सांगितलं नाही. पहिल्या घरी मी खरं सांगितलं, तर खोली कालच दिली होती. दुसऱ्या घरी खरं सांगितलं, तर त्यांचा भाचा राहायला येणार होता. तिसऱ्या घरी नुसतं आडनाव सांगितलं. काकू आपणहून म्हणाल्या, अगंबाई, माझी मावशी जगतापांकडेच दिलेली. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यावर चार वर्षं या घरात राहतेय. मला कावीळ झाली तेव्हा काकूंनी मांडीवर डोकं घेऊन माझे केस विंचरले. या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिळून कैरीचं लोणचं घातलं, बरण्या त्यांच्याच स्वयंपाकघरात आहेत. बाबासाहेबांचा फोटो माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत असतो. सकाळी ट्रंक उघडते, हात जोडते, बंद करते. मला हे आवडतं असं समजू नकोस.

म्हणून तुझ्या पाया पडते, मला त्या पानावर घेऊ नकोस. नाव नको, फोटो नको, शाळा तर मुळीच नको. आजोबांचं घाल, आप्पांचं घाल, ते छाती काढून सांगतात. माझं मी सांगेन, माझ्या वेळेला.

दुसरं, ईमेलवर महत्त्वाचं काही लिहू नकोस. काकूंचा पुतण्या वैजनाथ यानं स्टँडसमोर कॉम्प्युटरचं दुकान टाकलंय. माझं खातं त्यानंच काढून दिलं, पण सगळ्यांचे पासवर्ड त्यानं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत, लोक विसरतात म्हणून. कुणाची मेल आली की तो उघडतो, छापतो आणि घरी नेऊन देतो, वर मजकुराबद्दल चौकशीही करतो. लोकांना त्याचं कोण कौतुक! तुझे विनोद काकूंनी माझ्याआधी ऐकलेले असतात. आणि त्या विनोदांच्या डोक्यावर तुझ्या सगळ्या मित्रांचे पत्ते कशाला रे? अर्धा कागद त्यातच जातो. रोहिणीताईंचं नाव मी तिथंच पहिल्यांदा वाचलं. पाकीट बरं, ते निदान चिकटवलेलं असतं.

एवढं ऐकशील ना? तुझ्या लोभावर विसंबून आहे.
दीपा


एडिसन
२२ ऑगस्ट १९९९

चि. दीपास,
सप्रेम जयभीम. (मोठ्यानं वाच.)

भित्री भागूबाई! तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग राग आला. आजोबा उसन्या बुटात नागपूरला गेले ते नातीनं ट्रंकेत तोंड घालून बसावं म्हणून का? तू शिक्षिका ना? वर्गात पोरींना काय शिकवतेस, मान खाली घालायला? काकूंनी केस विंचरले म्हणे. अगं, त्यांनी कुणा दुसऱ्याच मुलीचे केस विंचरले, जी त्यांच्या डोक्यात होती. असली माया काय चाटायचीय?

तेव्हा तुला न विचारता पान पुरं केलं. तुझा बी.एड.चा फोटो माझ्याकडे होता, तोच लावलाय. शाळेचं नाव आप्पांना विचारून घेतलं, पत्ता तुझ्या पाकिटावर होताच. आज सकाळी तुला मेलनं पान पाठवलंय, आणि वैजनाथसाठी वर एक ओळ टाकलीय की रंगीत छापून घरी नेऊन द्यावं. एकदा सगळ्यांना कळू दे, म्हणजे तुझी भीती जाईल. गळू फोडल्याशिवाय ठणका थांबत नाही. पुढे माझे आभार मानशील.

इथल्या मंडळींना अजून दाखवलेलं नाही, थोडं नटवायचं राहिलंय. आप्पा मात्र खूष आहेत. घराच्या भिंतीवर पानाचा पत्ता रंगवून घेणार म्हणतात, चौदा ऑक्टोबरच्या आत.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
पंकजदादा


देवळाली प्रवरा
१९ सप्टेंबर १९९९

ती. दादास,

पत्ता बदललेला दिसेल, आप्पांकडे येऊन राहिलेय. तुझं पत्र हातात पडायच्या कितीतरी आधी तुझी मेल घरी पोचली होती.

शाळेतून आले तर ओट्यावर बायका शेंगा सोलत बसलेल्या, आणि वैजनाथ मधे बसून पानातलं इंग्रजी वाचून मराठीत सांगत होता. काकू झोपाळ्यावर होत्या, मांडीवर माझा फोटो. मला बघून वैजनाथ उठला आणि म्हणाला, दीपाताई, प्रिंट कशी झकास आलीय बघा. त्याच्या मनात काही नव्हतं रे. टपाल पोचवलं, एवढंच त्याला ठाऊक. तो आजोबांच्या विहिरीपर्यंत आला होता. बायका शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या.

काकू ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, जातीचं काही नाही गं, आम्ही असलं मानत नाही, पण तू फसवलंस. मग आत जाऊन त्यांनी लोणच्याच्या दोन्ही बरण्या आणल्या आणि अंगणात, फरशीवर, एकेक करून फोडल्या. ज्या मानत नाहीत त्यांनी. आबासाहेबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, संध्याकाळी माझ्या खोलीची वीज तोडली आणि मी पाणी घेऊ नये म्हणून नळाला दोरी बांधली. काचा उचलायला केशरबाईला बोलावलं. ती आपल्यातलीच, मागच्या दारानं येते, अंगण झाडते. माझी ट्रंक उचलून देताना हळूच म्हणाली, मी तुमाला पयल्या दिवशीच वळाकलं हुतं बाई, पर म्या कशाला बोलू? चार वर्षं तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. आणि तू माझा सख्खा भाऊ.

शाळेतही छापील पान पोचलंय. शिक्षकांच्या खोलीत माझा पेला आता वेगळा ठेवलेला असतो. नवीन खोली शोधतेय, पण प्रत्येक दारात माझ्याआधी तो कागद गेलेला असतो. सध्या इथून रोज कोल्हारला गाडी बदलून जाते. आप्पांना सांगितलंय की काकूंकडे खोलीचं बांधकाम काढलंय. त्यांना खरं सांगायचं नाही, तुला शपथ आहे.

एकच मागते. माझा भाग काढून टाक. लोभ राहावा असं तुला वाटत असेल तर.
दीपा


एडिसन
६ ऑक्टोबर १९९९

चि. दीपास,
सप्रेम जयभीम.

वाचून वाईट वाटलं, खरंच. पण लाज त्यांना वाटायला हवी, तुला नाही. त्या बाईनं बरण्या फोडल्या म्हणजे तिनं आपलं खरं तोंड दाखवलं. उलट बरं झालं.

तुझा भाग काढायला मला दहा मिनिटंही लागणार नाहीत. पण काढणार नाही. आज काढला तर वैजनाथ म्हणेल, घाबरले. हा आता तुझ्या एका खोलीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. एकदा जगासमोर मांडलं ते पुसायचं नसतं. थोडं सोस. आपल्या लोकांनी याहून कितीतरी जास्त सोसलंय.

बाकी गणपतीला रोहिणीकडे मजा आली. तिची आई भलतीच प्रेमळ. मोदक वाढता वाढता म्हणाल्या, जगताप म्हणजे तुम्ही कुठले? मी म्हटलं, नगरकडचे. त्या म्हणाल्या, वा, आमचे एक जगताप पाटील ओळखीचे आहेत तिकडे. मी आणखी दोन मोदक घेतले. सगळ्यांचे फोटो मेलनं पाठवलेत, बघ. दिवाळीनंतर तिचे बाबा आप्पांना पत्र लिहिणार आहेत.

मन घट्ट कर, आणि या वडीलभावावरचा लोभ सोडू नकोस.
पंकजदादा


देवळाली प्रवरा
१४ नोव्हेंबर १९९९

श्री. पंकज भीमराज जगताप यांस,
सप्रेम जयभीम.

बघ, मोठ्यानं लिहिलं. आता ट्रंकेत ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

काल शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर वैजनाथच्या दुकानात गेले. ते पान मी अजून बघितलंच नव्हतं. सगळ्या संगमनेरनं बघितलं, मीच राहिले होते. वैजनाथनं खुर्ची पुसून दिली. आजोबा छान दिसतात, बूटसुद्धा. मग आप्पा, मग आई, मग मी, माझी शाळा, माझा पत्ता, पार गल्लीच्या नावासकट. मग मी खाली खाली जात राहिले, तुला शोधत. अगदी तळाशी सापडलास. ‘एक मुलगा परदेशी असतो. पान तयार केलं: पी.’ बस. नाव नाही, आडनाव नाही, फोटो नाही, एडिसन नाही. मी वैजनाथला विचारलं, आणखी कुठं काही आहे का? तो म्हणाला, नाही ताई, एवढंच.

म्हणजे तत्त्व माझ्या खोलीत राहायचं, आणि तू मोदक खायचे. तू ‘नगरकडचे’ म्हणालास तेव्हा तुझ्या घशात काही अडकलं नाही का रे? मी गप्प बसले ते डोक्यावर छप्पर हवं म्हणून, आणि त्याची मला रोज लाज वाटायची. तू गप्प बसलास आणि वर मला भागूबाई म्हणालास.

तुझे विनोद कामाला आले. त्यांच्या डोक्यावरचे सगळे पत्ते मी उतरून घेतले, एकही गाळला नाही. तुझ्या खोलीतले तिघे, ऑफिसातली मंडळी, रोहिणीताई, आणि गणपतीच्या फोटोंच्या मेलवरून त्यांचे बाबा. सगळ्यांना पान पाठवलं. वाईटसाईट काही लिहिलं नाही. लिहिलं की हे आमचं कुटुंब आहे, हे पान माझ्या मोठ्या भावानं, पंकज भीमराज जगताप यानं, आजोबांच्या अभिमानानं केलं आहे, त्याचा स्वतःचा फोटो तेवढा लावायचा राहिला, तो सोबत जोडते. तुझा पासपोर्टचा फोटो माझ्या पाकिटात होता. वैजनाथनं मोठ्या हौसेनं स्कॅन करून दिला, रंगीत.

दुकानातून बाहेर पडले तेव्हा मला बरं वाटत होतं. स्टँडवर आल्यावर वाटेनासं झालं. पण गेलेली मेल परत बोलावता येत नाही, आणि एकदा जगासमोर मांडलं ते पुसायचं नसतं, हे तूच शिकवलंस. थोडं सोस.

लोभाचं काय लिहू? होता.
दीपा


देवळाली प्रवरा
५ डिसेंबर १९९९

चि. पंकज यास,
भीमराज व आई यांचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की तुझी काहीच खबर न्हाई. दोनदा फोन लावला. कोणी मराठी पोरगं बोललं, म्हणालं की तो आता इथं राहत न्हाई, आणि ठेवून दिला. तू खोली का सोडली? भांडण झालं का? नवा पत्ता कोणी देईना, म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतो. त्या पुण्याच्या मुलीचे वडील पत्र लिहिणार असं तू फोनवर सांगितलं होतं. आई रोज पोस्टमनला विचारते.

दुसरं असं की विहारातले चार लोक घेऊन मी मुद्दाम संगमनेरला गेलो होतो, आपलं पान दाखवायला. वैजनाथ नावाच्या पोरानं लई खटपट केली, पण पान उघडलं न्हाई. तो म्हणाला की शनिवारी दीपाताईंनी बघितलं तेव्हा होतं, रविवारी सकाळी मालकानं काढून टाकलं. सगळ्यांपुढं माझी मान खाली गेली. भिंतीवर पत्ता ऑइलपेंटनं लिहून घेतलाय, निळ्या अक्षरात. लोक येता जाता विचारतात. दीपाला विचारलं की तू का काढलं असशील, तर म्हणाली, दादाला दहा मिनिटांचं पण काम न्हवतं. ती हल्ली जास्त बोलत न्हाई. तिच्या खोलीचं बांधकाम अजून संपलं न्हाई म्हणे.

असू दे. तुझी काही अडचण असेल. पान गेलं तर जाऊ दे, बाळ. पण तुझ्या आजोबांचा फोटो तेवढा परत पाठव. तो एकच हाय. मधल्या खोलीत त्याचा खिळा तसाच ठेवलाय, तुझी आई रोज तिथं फडकं मारते.

तब्येतीला जप. आमचा लोभ कुठं जात न्हाई.
तुझा,
आप्पा