कॅमेरा धुरीलाच पकडतो

६ ऑक्टो., सोमवार
पुन्हा तेच. बटण अर्धं दाबलं की लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे, घशात काटा अडकलेल्या मांजरासारखी. फोकस झाल्याचा हिरवा चौकोन येतच नाही. दसऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. चाळ रिकामी व्हायच्या आत प्रत्येक बिऱ्हाडाचा त्याच्या स्वतःच्या खोलीत एक फोटो, असं ठरवलं होतं. तळमजला झाला, पहिला मजला झाला. एकेक पापणी मोजून घ्यावी असे आले. आणि आता शेजारच्या सुमनताईची पाळी, तर हा मिडियम फॉरमॅटचा दिवटा कॅमेरा आंधळा झाला.

ती पुढच्या गुरुवारी विरारला मुलाकडे जाते. बाकीचे परत येऊ म्हणतात. नवीन इमारत, लिफ्ट, वगैरे. ती ऐंशीची आहे. परत येणार नाही हे तिलाही माहीत आहे.

७ ऑक्टो.
सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या गृहस्थाने कॅमेरा हातातही घेतला नाही.
"हाथ हिलता होगा, आंटी. इस उमर में मोबाइल ही अच्छा."
म्हटलं, कॅमेरा ट्रायपॉडवर होता. ट्रायपॉडलाही वय होतं का?
"तो फिर यूजर एरर."
मी जाहिरात कंपनीत आयुष्यभर लोकांचे फोटो भिंग लावून नापास केले. फोकस नाकावर आहे की कानावर हे मला हा सांगणार! शाळेत सिस्टर म्हणायच्या, राग आला की दहापर्यंत मोजा. मोजले. दहानंतर काय बोलायचं ते जास्त स्पष्ट सुचलं, ते बोलून कॅमेरा उचलून घरी आले.

८ ऑक्टो.
आपलं आपणच. भिंतीवर वर्तमानपत्र डकवलं, शेजारी फूटपट्टी तिरकी. दुसरी लेन्स लावली, तर झटकन फोकस. म्हणजे बॉडी ठीक. दोष आधीच्या लेन्सचा. ती उलटी केली, उजेडात धरली. मागे सोनेरी पिनांची ओळ असते, तिच्यातून कॅमेरा लेन्सशी बोलतो. त्या पिनांवर लाल.

गंज? बोट लावलं. वास घेतला.

कुंकू!

९ ऑक्टो.
खंडेनवमीला कॅमेरा सुमनताईच्या खोलीत ठेवला होता. तिच्याकडे उजेड बघायला गेले होते, तेवढ्यात माझ्याकडे गॅसवाला आला. तेवढ्या वेळात बाईंनी उरकलं. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, धुरीचा, गिरणीतला पाना ती अजून दरवर्षी पुजते. या वर्षी पान्याशेजारी माझा कॅमेरा. ओलं हळद-कुंकू, लेन्स आणि बॉडीच्या बरोब्बर सांध्यावर, वर झेंडू. झेंडू मी पाहिला होता, हसलेही होते. बाकीचं आत झिरपलं.

तिच्या दारात जाऊन बोलायचं ते सगळं बोलले. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली.
"काय गो वासंती, तुझा हत्यार ना ता? हत्याराक पूजा नको?"
"सुमनताई, ते यंत्र आहे. त्याच्या आत विजेचं काम असतं."
"गिरणीत काय बैलावर मशिनी चालत?"
वर मेथीची अर्धी जुडी माझ्या हातात दिली.

केमिस्टकडून स्पिरिट आणलं. कान कोरायच्या कापसाच्या काड्या. एकेक पिन पुसली. संध्याकाळी फोकस झटकन! त्या सर्व्हिसवाल्याला फोन करून सांगायचा मोह आवरला. आवरला नाही, केला. उचलला नाही त्याने.

११ ऑक्टो.
सुमनताईचा फोटो. हिरवी नऊवारी, नाकात नथ, धुरीच्या लाकडी खुर्चीत बसली ताठ. हिरवा चौकोन लगेच. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर बाई लोण्यासारख्या मऊ, धूसर, आणि मागे भिंतीवर हार घातलेल्या फ्रेममधला धुरी, मिशीचा केस न् केस!

पुन्हा गेले. पुन्हा तेच. शेवटी कळलं. डोळे ओळखून फोकस करायची सोय चालू आहे. सुमनताईच्या चष्म्यावर दाराचा उजेड चमकतो, डोळे सापडत नाहीत. मग यंत्र दुसरे डोळे शोधतं. खोलीत दुसरे डोळे एकाचेच, फ्रेममधल्या धुरीचे.

मेला तरी मधे मधे. या माणसाने हिला कसं वागवलं ते आमच्या मधल्या भिंतीला विचारा. ताट आपटल्याचा आवाज आला की मी लाटण्याने भिंत ठोकायची. ठोकली की थांबायचा. मग जिन्यात भेटला की "नमस्कार बाई".

१२ ऑक्टो.
डोळ्यांची सोय बंद. छोटा चौकोन, हाताने तिच्या डाव्या डोळ्यावर. आली! चष्म्याच्या काडीवरचा ओरखडासुद्धा. आणि मागे धुरी नुसता एक करडा डाग. इतकं समाधान फार दिवसांत झालं नव्हतं. लगेच दाखवायला गेले.

तिने चष्मा वर करून, खाली करून बघितलं.
"ह्येंका पुसलंस?"
"पुसलं नाही. फोकस तुमच्यावर आहे."
"माका ह्यो नको."

मी भडकले. म्हटलं, त्या माणसासाठी अजून? तुमचे तीन दात कुणी पाडले ते मला माहीत आहे. फार बोलले. तिने मग खुर्चीच्या हातावर थाप मारली.
"ह्या खुर्चेर मी कधी बसलेली बघितलंस? ते असताना?"
नाही. कधीच नाही. उंबऱ्याशी पाटावर नाहीतर उभी.
"आता मी बसलंय. ते भिंतीर. त्येंका बघूंदे. डोळे दिसाक व्हये त्येंचे, नीट."

घरी आले. स्वतःचाच राग, आणि तिचा, आणि धुरीचा तर आहेच.

१४ ऑक्टो.
दोघं एकदम स्पष्ट हवीत तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं. बारीक केलं की उजेड कमी, शटर जास्त वेळ उघडं. तेवढा वेळ तिने स्तब्ध बसायचं, आणि तिची मान हल्ली सतत डुलते. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात बघायची ताकद, चढवली तर चेहऱ्यावर वाळूसारखे दाणे. फ्लॅशचा गोळा फ्रेमच्या काचेवर, थेट त्याच्या कपाळात (तो ठेवायचा मोह झाला). खुर्ची भिंतीला टेकवावी तर तिथे बांधलेले खोके. दोन फोटो काढून जोडता येतील. नको. तिला जोडकाम नको, मलाही नको.

दिवसभर काढले. तो प्रत्येक वेळी स्पष्ट. त्याला काय, हलायचं नाही.

१६ ऑक्टो., गुरुवार
टेम्पो सकाळीच. खोके गेले तशी भिंत मोकळी झाली. खुर्ची मागे सरकवली, थेट त्याच्या खाली. दोघं जवळजवळ एका रेषेत. छिद्र फार बारीक करायची गरज उरली नाही. तिचा मुलगा सुहास खालून ओरडत होता, "आई, ड्रायव्हर थांबणार नाही!" मी वरून ओरडले, "थांबेल! नाहीतर मी खाली येते!" थांबला.

चष्मा काढायला लावला. "श्वास घ्या, धरा." मान किंचित डुललीच. पण डोळे आले. चारही.

ती उठली, लगेच त्याची फ्रेम उतरवली, जुन्या साडीत गुंडाळली. खुर्ची टेम्पोत वर, चादरींच्या ढिगावर. स्वतः ड्रायव्हरशेजारी. मला म्हणाली, "येतंय गो." कुठे येतेय.

१७ ऑक्टो.
सुहासचा फोन. मी त्याला बारा तारखेचा आणि कालचा, दोन्ही फोटो व्हॉट्सअॅपवर छोटे करून पाठवले होते.
"मावशी, कालचाच द्या मोठा करून. बाबा काय आलेत! जिवंत वाटतात. हॉलमध्ये लावतो, खाली 'कै. बाबा' असं छापून घेतो. आईचा जरा हललाय, पण चालेल."

चालेल!

म्हटलं, तुझ्या आईला विचारलंस कोणता हवा?
"तिलाही हाच हवाय की! बघा, किती प्रेम."

यावर मी फोन ठेवला. त्याला खुर्चीचं सांगावं, तर ते तिने मला सांगितलं होतं, त्याला नाही. न पाठवावा, तर तिने मागितलेलाच फोटो अडवायचा. पाठवावा, तर येणारा-जाणारा हॉलमध्ये हात जोडणार, धुरीला.

मोठी फाइल तयार करून ठेवली आहे. पाठवायचं बटण दाबलेलं नाही. दुपारपासून तिचा फोन लावतेय, उचलत नाही, विरारला रेंज नसेल. सुहासचे तीन मिस्ड कॉल. वाजू दे.