शिट्टीला बॅटरीवर बसवायचं कारस्थान

रविवार, ५ ऑक्टोबर

चढलो! न उतरता, न थांबता, एकही शिवी न देता! खडीच्या रस्त्यावरचा तो हलकट चढ — ज्याला आम्ही 'भाषण' म्हणतो, कारण संपला असं वाटतं तेवढ्यात पुन्हा सुरू होतो — आज मी गाणं म्हणत चढलो. नवी बॅटरीची सायकल! टर्बोचं बटण दाबलं की कुणीतरी तरुण माणूस मागून ढकलतोय असं वाटतं.

वर मनोऱ्यापाशी पोचलो, एक बिस्कीट खाल्लं, दुसरं खाल्लं, तेव्हा कुठे मेडिकल उगवला. (औषधांचं दुकान आहे म्हणून मेडिकल. खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल.) आणि त्याच्या मागून शिट्टी. शिट्टी मागे! जन्मभर शाळेत पीटी शिकवली, निवृत्त झाला तरी गळ्यातली शिट्टी उतरली नाही, आणि इतक्या वर्षांत हा माणूस कधी दुसरासुद्धा आलेला नाही. घामाने निथळत होता. माझ्याकडे बघितलं नाही. मेडिकलला म्हणाला, "त्याला विचार, पेट्रोल कुठे भरतो?"

मेडिकल हसला. मीही हसून सोडायला हवं होतं. पण जिभेला हाड असतं तर ना! म्हणालो, "कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबल्या वाटतं."

संपलं. "मोटारवाल्यांबरोबर मी सायकल चालवत नाही," म्हणाला आणि एकटाच खाली उतरून गेला. त्याच्या वाटणीची बिस्किटं तशीच राहिली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दुकानात लक्ष नाही. दुरुस्तीला आलेला दंतवैद्याच्या वेटिंगरूममधला सोफा उसवला — आत पेनं, चिल्लर आणि एक अख्खी कवळी! एरवी पहिला फोन शिट्टीला केला असता. आज कवळी तशीच फोमवर ठेवून बघत बसलो.

ही म्हणाली, "करा की फोन."
मी का करू? सायकल माझी, फुगलाय तो.

रविवार, १२ ऑक्टोबर

शिट्टी आला! पण अबोला. निरोप्या मेडिकल. बिचारा मध्ये. चढावर धापा टाकत इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

"त्याला सांग, जंगलाच्या वाटेने जाऊ."
"त्याला सांग, मोटारीला झेपत असेल तर जाऊ."

पायवाटेवर मुळंच मुळं, वर पाल्याचा थर. शिट्टी पुढे. तिथून मागे न बघता ओरडला, "त्याला सांग, पुढे खड्डा आहे!" मेडिकलने श्वास घेतला, माझ्याकडे वळला, म्हणाला, "अरे, तो म्हणतोय की पुढे —" आणि मी खड्ड्यात!

कोपर सोललं. शिट्टी थांबला होता, हे मी पडल्यापडल्या बघितलं. मी बघतोय हे बघून निघून गेला. मेडिकल म्हणाला, "मला तुम्हा दोघांचा वीट आलाय."

रविवार, १९ ऑक्टोबर

शिट्टी नाही. निरोप — पाहुणे आलेत. पाहुणे! त्याच्याकडे पाहुणा आला तर हा त्यालाच पहाटे पळायला नेतो.

मी नि मेडिकल गेलो. "टाच खाली! पाठ सरळ! गोणी ठेवल्यासारखा बसू नकोस!" असं म्हणणारं कुणी नाही. मी अख्खी वाट गोणीसारखा बसलो. मजा आली नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

आजही नाही. चढ चटकन संपतो, आणि वर जाऊन करायचं काय तेच कळत नाही. दुकान टाकलं तेव्हा पहिली गादी शिट्टीने घेतली होती. अजून त्याच गादीवर झोपतो. मधोमध खोलगट झालीय. बदलून देतो म्हटलं की म्हणतो, "माझ्या पाठीला सवय आहे." असा माणूस. आणि मी त्याच्या नाकाच्या मिरच्या काढल्या. नकोच होतं बोलायला. लिहून टाकतो म्हणजे मोकळं होईल — मला त्याची आठवण येते.

झालो नाही मोकळा.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दुपारी मेडिकल दुकानात आला. कधी येत नाही. अर्धवट भरलेल्या सोफ्यावर बसला, आत स्प्रिंगा आहेत हेही त्याच्या लक्षात आलं नाही. म्हणाला, "शिट्टीचं हृदय ठीक नाही. गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. जोर करायचा नाही. सायकल बंद करायची, नाहीतर —"

"नाहीतर काय?"
"नाहीतर बॅटरीची."

माझ्या हातातली कात्री खाली. मेडिकलने शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. "तुला कळलं असं त्याला कळलं तर तो सायकलच विहिरीत टाकेल."

म्हणून येत नव्हता! आणि मी त्याला फुगलाय म्हणत होतो. पण आता तो बॅटरीच्या सायकलवर बसणार कसा? आम्हा दोघांदेखत 'मोटारवाले' म्हणून बसलाय. मरेल पण शब्द मागे घेणार नाही — आणि इथे तर खरंच मरेल!

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सुचलं! शिट्टीला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं? दुसऱ्याच्या चुका काढणं. त्याला सायकल द्यायची नाही. सायकलीच्या चुका काढायला द्यायची.

म्हणजे माझी सायकल जाणार. नवी कोरी. अजून सीटवरचं प्लॅस्टिकही मी पूर्ण काढलेलं नाही.

जाऊ दे.

शनिवार, १ नोव्हेंबर

गेलो त्याच्या दारात. अभिमान घरी ठेवून गेलो. म्हटलं, "ही सायकल मला जमत नाही रे. काहीतरी बिघाड आहे. कळणाऱ्या माणसाने चालवून बघितली तरच कळेल."

मला वाटलं होतं, दार लावून घेईल. तर त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "तुला जमत नाही हे मला दिसतच होतं. यंत्राचा दोष की माणसाचा, ते मात्र शोधावं लागेल. ठेव इथे. चार-सहा रविवार लागतील. तोवर तू माझी घे."

इतक्या पटकन कबूल झाला! शिट्टी! म्हणजे तब्येत फारच बिघडलीय. येताना त्याची सायकल हाताने ढकलत आणली. डोळे भरून आले होते, रस्ता दिसत नव्हता.

रविवार, २ नोव्हेंबर

मेलो.

शिट्टीची सायकल म्हणजे शिक्षा! सीट नव्हे, पाट आहे तो. भाषणाचा निम्मा चढ चालत गेलो. शिट्टी माझ्या सायकलवरून प्रत्येक वळणावर जाऊन उभा, आणि तिथून पीऽऽ! "उतरायचं नाही! एक-दोन, एक-दोन!" खडीवरून चाक घसरतंय, जीभ बाहेर आलीय, तरी माझं लक्ष त्याच्याच तोंडाकडे. लाल झालाय का? घाम आलाय का?

"टर्बो लाव!" मी ओरडलो.
"लावलाय! तू पायडल मार!"

मनोऱ्यापाशी मला विचारतो, "छातीत काही होतंय का तुझ्या?" माझ्या! स्वतःचं लपवायला मला विचारतोय. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" मेडिकल बिस्किटं खात होता. एकदम ठसका लागला त्याला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

त्या पाटावर चांगला दोन बोटं जाड फोम घातला, वर काळं रेक्झिन, दुहेरी शिलाई. आयुष्यात इतकं मनापासून काही शिवलं नव्हतं.

ही विचारते, "स्वतःची सायकल लोकांना द्यायची आणि लोकांची ढकलत आणायची, हे कुठलं शहाणपण?" सांगता येत नाही. शपथ आहे. म्हटलं, "व्यायाम." ती हसली ते काही मला आवडलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

शिट्टीने फोम काढून ठेवला! "मऊ बसलं की माणूस आळशी होतो." काय बोलणार? आजारी माणूस. उलट बोललं तर ताण येईल.

जंगलातला ओढा ओलांडताना त्याने नको तिथे टर्बो दाबला. सायकल पलीकडे, शिट्टी चिखलात. मी सायकल टाकून धावलो आणि सरळ त्याच्या छातीला कान लावला.

"काय करतोस?"
"चिखल... चिखल झालाय इथे."

हृदय धडधडत होतं, पण ताल बरा वाटला. तेवढ्यात त्यानेच माझं मनगट पकडलं, घट्ट, आणि सोडेचना.

"तू काय करतोस?"
"घड्याळ बघतोय. किती वाजले?"

घड्याळ माझ्या दुसऱ्या हातात होतं. गोंधळलाय बिचारा. अशा वेळी मेंदूलाही रक्त कमी पडतं म्हणतात. मेडिकल झाडामागे तोंड फिरवून उभा होता, खांदे हलत होते. तोही हळवा आहे, दाखवत नाही इतकंच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काळजी ही, की शिट्टी म्हणेल, "दोष सापडला, घे तुझी सायकल." मग? म्हणून आज त्याच्याकडे चहाला गेलो आणि तो आत गेल्यावर मागच्या मडगार्डाचा एक स्क्रू सैल करून आलो.

रविवार, १६ नोव्हेंबर

खडखड खडखड! शिट्टी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मोठा बिघाड दिसतोय. अजून बरेच रविवार लागतील." वर गेल्यावर मी गुपचूप वाकून बघितलं — दोन स्क्रू सैल! मी एकच केला होता. म्हणजे यंत्रसुद्धा माझ्या बाजूने आहे.

आणि एक. भाषण आज तीन चतुर्थांश चढलो. न उतरता. पॅन्ट सैल झालीय. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

पाऊण चढाच्या पुढे काही जात नाही. शिट्टी शेजारून चालवत होता. शिट्टी न वाजवता. हळूच म्हणाला, "घाई नाही. सावकाश. मी आहे." आयुष्यात कधी असा बोललेला नाही हा माणूस. माणूस मऊ पडायला लागला की समजावं... नको, लिहीत नाही. ते लिहायचं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

चढलो! खालपासून वरपर्यंत! साध्या सायकलवर, त्या पाटावर बसून, स्वतःच्या पायांनी! शेवटच्या वळणाला वाटलं, आता नाही — पण वर शिट्टी उभा होता, दोन्ही हात वर, आणि शिट्टी वाजवत सुटलेला. म्हटलं, आपण उतरलो तर हा धावत खाली येईल, आणि त्याला धावायचं नाही. म्हणून चढलो.

वर पोचताच त्याने मिठी मारली. पीटीचा मास्तर, पण रडत होता. "वाचलास रे गाढवा, वाचलास!" म्हणाला. मी कशातून वाचलो ते काही कळलं नाही. मीही रडलो. बिस्किटं मेडिकलने एकट्याने संपवली.

सोमवार, १ डिसेंबर

शिट्टी दुकानात आला. माझी सायकल परत घेऊन. म्हणाला, "आता एकदा डॉक्टरांना दाखवून ये. बघ काय म्हणतात तुझ्या हृदयाला."

"माझ्या? तू दाखव तुझं!"
"माझ्या हृदयाला काय झालंय?"

मग दंतवैद्याच्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो आणि सगळं उलगडत गेलं. एकाच दुपारी, मेडिकलच्या एकाच तोंडाने! मला सांगितलं — त्याला जोर नको, बॅटरीवर बसव. त्याला सांगितलं — याचं हृदय सुस्तावलंय, बॅटरीवरून उतरव, नाहीतर गेलाच. दोघांनाही शपथ. शिट्टीच्या हृदयाला काही नाही. माझ्याही नाही. पाहुणेसुद्धा खरोखरच आले होते.

मेडिकलला अजून काही कळू दिलेलं नाही. उद्या सकाळी मी त्याच्या दुकानासमोर थांबणार आहे आणि त्याच्याकडे जरा काळजीने बघणार आहे. दुपारी शिट्टी बघेल.